डाव्या गालाची हजेरी

आमच्या ओसरीवर हल्ली दोन प्रकारची माणसं येतात. एक मुहूर्त काढायला, दुसरी एमआरआयचं पाकीट काखेत मारून. पहिल्यांना पंचांग पाहून उत्तर देता येतं. दुसऱ्यांना मी काय सांगणार? मी नांदुऱ्यातला भिक्षुक. लग्नं लावायची, मुंजी करायच्या, वास्तुशांती करायच्या, एवढंच मला येतं. पण कवटीच्या तळाशी, डाव्या कानाच्या मागे, असलेली गाठ काढून घेऊन परत आलेला माणूस म्हणून माझं नाव झालंय. कोणाच्या मामाला, कोणाच्या सुनेला तसलं काही निघालं की लोक म्हणतात, महाराजांना विचारा.

दर वेळी तेच सांगून माझं तोंड दुखतं. आता त्या जुन्या अर्थानं दुखत नाही, ही देवाची कृपा. म्हणून एकदाचं लिहून काढतोय. औषधांची नावं यात नाहीत, ती ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावीत.

दाढा

सुरुवात आचमनाच्या पाण्यानं झाली. सकाळची पूजा चालू होती. पळीतलं गार पाणी तोंडात घेतलं आणि डाव्या जबड्यातून कानापर्यंत वीज गेली. लहानपणी एकदा घरातल्या उघड्या वायरला माझा हात लागला होता, तोच झटका, फक्त आता गालात. पाच-सात सेकंदांत सगळं शांत. पळी मात्र हातातून सुटून देवांच्या ताम्हनात पडली होती.

मग तो झटका दात घासताना यायला लागला, दाढी करताना, मोटरसायकलवर वारा लागला की. घास चावताना तर हमखास. दाढ किडली, असं मी ठरवूनच टाकलं. दातांच्या डॉक्टरांनी दिवा धरून पाहिलं आणि म्हणाले, "महाराज, दाढ तर चांगली दिसते. नसांच्या डॉक्टरला दाखवा एकदा." मी म्हणालो, "तुम्हाला चांगली दिसते, दुखते मला. काढा." त्यांनी दोनदा समजावलं, मी दोनदा हट्ट केला. महिन्याभरानं शेजारचीही काढून घेतली. झटके होते तिथेच राहिले.

त्या दोन धडधाकट दाढा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुंकवाच्या जुन्या डबीत जपून ठेवल्या आहेत. मी घरात फार शहाणपणा करायला लागलो की ती डबी माझ्या कानाशी वाजवते. ती एका शाळेत क्लार्क आहे. शिक्षकांचा हजेरीपट तिच्या टेबलावर असतो, त्यामुळे कोणाचंही काहीही ऐकून घ्यायची तिला सवय नाही.

यानंतरची चूक मात्र आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. माझ्या लक्षात आलं की मंत्र म्हणताना त्रास जास्त होतो. जबडा हलला की झटका. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी मनात म्हटलं, उच्चारात काही दोष राहतोय, कुठेतरी मंत्राचा अपराध घडलाय, तेव्हा प्रायश्चित्त हवं. रोज सकाळी अडीच तास मोठ्यानं जप करायचं अनुष्ठान धरलं. दुखत होतं म्हणून जप, आणि जप करत होतो म्हणून आणखी दुखत होतं. एकवीस दिवस हे चाललं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, महाराजांना भाव दाटून येतो. दोन बायका पायाही पडून गेल्या. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही.

सात मिनिटं

सोनाळ्याचे रामराव पाटील आमचे जुने यजमान. संत्र्याची मोठी बाग, भरलेलं घर, दोन मुली. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत मीच केली होती, आणि थोरल्या मुलीचं लग्नही माझ्याकडेच होतं.

मंगलाष्टकं हे माझं एकमेव खरं कसब. आवाज वडिलांकडून आलेला. 'सावधान' मी असं लांबवतो की मांडवाबाहेर चहा पिणारेसुद्धा कप खाली ठेवतात. निदान तेव्हा ठेवत असत.

त्या दिवशी मुहूर्ताला वेळ होता, म्हणून मी सावकाश म्हणत होतो. तिसरं कडवं संपलं, 'सावधान'चा पहिला सूर लागला आणि झटका आला. नेहमीसारखा येऊन गेला नाही. एकामागून एक, थांबेचना. तोंड उघडं, आवाज बंद. सगळा मांडव चिडीचूप. मग मागून कोणीतरी ओरडलं, "झालं वाटते! वाजवा ना बे!"

बँड सुरू झाला. लोकांनी हातातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता टाकून दिल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो खाली सोडला आणि नवरीनं हार घातलासुद्धा. मुहूर्ताच्या सात मिनिटं आधी लग्न लागलं.

रामराव माझ्याजवळ आले. "महाराज, हे काय होऊन राह्यलं? काऊन थांबले तुम्ही?"

मी गाल धरून उभा होतो. "दात," एवढंच म्हणालो.

"दातापायी माह्या पोरीचा मुहूर्त गेला?" ते मोठ्यानं बोलले नाहीत. मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं. मी पंगतीला न बसता घरी आलो.

अकोला

सुनंदानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली. "ज्याच्या दोन दाढा काढूनही दात दुखतो, त्याचा दात दुखत नसतो," ती म्हणाली आणि मला अकोल्याला नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी गालावरून कापसाची वात फिरवली, एका ओळीवर चालायला लावलं, दोन्ही कानांजवळ बोटं चोळली. डाव्या कानाजवळ चोळलेलं मला ऐकूच आलं नाही.

"वर्षभर सांगतेय," सुनंदा म्हणाली. "डावीकडून हाक मारली की हे ओ देत नाहीत. मला वाटायचं, मुद्दाम."

दुपारी एमआरआय झाला. संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म दिव्यापुढे धरली आणि गाठ हा शब्द उच्चारला. सुनंदानं लगेच विचारलं, "कॅन्सर?" ते म्हणाले, "नाही. ही साधी गाठ आहे, बहुतेक जन्मापासूनची. फार हळू वाढते. आता नसांना दाबायला लागलीय." पुढेही ते बरंच बोलले असतील. मेंदूजवळ हा शब्द आल्यानंतरचं मला काही आठवत नाही. ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना एकच सांगतो, त्या खोलीत एकटं जाऊ नका. ऐकायला दुसरं माणूस हवं.

परतीच्या गाडीत शेगावला कचोरीवाला चढला. सुनंदानं एक कचोरी घेतली आणि माझ्यासमोर खायला लागली. माझं डोकं फिरलं. नवऱ्याच्या डोक्यात गाठ निघालीय आणि ही कचोरी खातेय! मी काहीतरी बोलणार तेवढ्यात पाहिलं, ती खाता खाता रडत होती, आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. मी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

पापुद्रा

ऑपरेशन नागपूरला ठरलं. सर्जन मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर चित्र काढलं. गाठीच्या आतला ऐवज मऊ असतो, मोत्यासारखा पांढरा, तो निघेल. अडचण तिच्या पिशवीची. ती नसांच्या मधून मधून शिरून बसते. चेहरा हलवणारी नस, कानाची नस, गिळायची नस, सगळ्या त्या एवढ्याशा जागेत.

"जिथे पिशवीचा पापुद्रा सुटेल, तिथे काढीन," मॅडम म्हणाल्या. "जिथे नसेला घट्ट चिकटलेला असेल, तिथे ठेवून देईन."

"ठेवून? म्हणजे अर्धवट?"

"तो पापुद्रा पुढे हळूहळू वाढू शकतो. त्याला वर्षं लागतात, आणि स्कॅन करून त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. तुटलेली नस मात्र मला जोडून पहिल्यासारखी करता येणार नाही. आणि आणखी एक, नस शाबूत राहिली तरी काही महिने तोंड वाकडं होऊ शकतं. तेही आत्ताच सांगते."

मरणाची भीती मला वाटत होतीच, नाही म्हणत नाही. पण तोंड वाकडं होईल याची त्याहून जास्त वाटली. त्याचं कारण त्र्यंबककाका.

काका आमच्याच गल्लीतले, वयानं मोठे, माझ्याहून जास्त पाठांतर असलेले भिक्षुक. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं आणि उजवा गाल कायमचा लोंबला. रामरावांच्या वास्तुशांतीला आम्ही पाच जण गेलो होतो. मुख्य पाटावर वडीलकीच्या मानानं काकांनी बसायचं. ते सोवळं नेसून आलेसुद्धा. मी रामरावांच्या देखत त्यांना म्हणालो, "काका, तुम्ही आत समिधा निवडा. व्यंग असलेल्यानं मुख्य पाटावर बसू नये, शास्त्रात आहे."

रामरावांनी विचारलं, "असं असते काय महाराज?" मी म्हणालो, "असतं." काका "बरं" म्हणाले आणि दिवसभर आतल्या खोलीत समिधा निवडत बसले. पाटावर मी बसलो.

मॅडमच्या खोलीत मला तो दिवस आठवत होता, आणि मी हट्ट करत होतो की सगळी गाठ काढा आणि तोंडालाही काही होऊ देऊ नका. दोन्ही पाहिजे. आमच्यात संकल्प अर्धवट सोडत नाहीत, असंही मी त्यांना ऐकवलं.

सुनंदानं मॅडमनी काढलेलं चित्र माझ्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, "प्रत्येक पूजेच्या शेवटी तुम्ही हात जोडता ते कशासाठी? राहिलं-चुकलं त्याची क्षमा मागायलाच ना? रोज काहीतरी राहतं म्हणून तर मागता. मग राहू दे एक पापुद्रा."

मी मॅडमना म्हणालो, "नस वाचवा. राहील ते राहू द्या." आणि सही केली.

जानवं

आदल्या दिवशी एक सिस्टर फॉर्म घेऊन आली. अंगावरचं सगळं काढायचं. मी म्हणालो, जानवं निघणार नाही. ती म्हणाली, निघेल. दहा मिनिटं आमचा वाद चालला. शेवटी सुनंदानं ते माझ्या गळ्यातून काढलं, एमआरआयच्या पाकिटात घातलं आणि म्हणाली, "गाठीची फिल्म आणि ब्रह्मगाठ एकाच पाकिटात. माझ्याकडे सुखरूप आहे." शेंडी वाचली. फक्त कानामागचे केस काढले, त्याबद्दल मी त्या न्हाव्याचा कायम ऋणी आहे.

ऑपरेशनच्या वेळी चेहऱ्यात बारीक तारा लावणार होते. सर्जनचं हत्यार नसेच्या जवळ गेलं की मशीन आवाज करतं, असं मॅडमनी समजावलं होतं. स्ट्रेचरवर मी मनातल्या मनात त्या मशीनलाच हात जोडले.

जाग आली तेव्हा मॅडम उभ्या होत्या. "डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा." मी सगळं केलं. म्हणजे मला वाटलं, केलं. सुनंदाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं की निम्मंच झालंय.

"नस मी डोळ्यांनी पाहिली आहे," मॅडम म्हणाल्या. "अखंड आहे. शेवटी तपासली तेव्हा मशीननं उत्तर दिलं. तिच्यावर एक पापुद्रा ठेवलाय. आत्ता ती दमलीय. वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी गिळता येतं का पाहायला सिस्टरनं चमच्यानं गार पाणी दिलं. पाणी डाव्या जबड्याला लागलं आणि मी सवयीनं मुठी आवळल्या. झटक्याची वाट पाहिली. आला नाही. दुसरा चमचा मागितला. तोही तसाच खाली गेला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी न घाबरता पाणी प्यालो, आणि निम्मं उशीवर सांडलं.

तो आनंद आरसा दिसेपर्यंत टिकला. डावा डोळा उघडाच राहत होता, गाल ओघळलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मी सुनंदावर ओरडलो. "तुझ्यामुळे झालं हे. तूच सही करायला लावलीस." आजवर मी तिला जे काही बोललो, त्यातलं हे सर्वांत वाईट. ती बाहेर जाऊन व्हरांड्यात बसली. अर्ध्या तासानं आली ती चहा घेऊन. "भांडण नांदुऱ्याला जाऊन करू. आत्ता डोळ्यात मलम घालायचंय," ती म्हणाली. रुग्णाच्या माणसांचं कोणी ऑपरेशन करत नाही, पण टाके त्यांनाही पडतात.

गैरहजर

घरी आल्यावर रोज सकाळी चहा झाला की सुनंदा मला खिडकीसमोर बसवायची. "भुवया वर. डोळे मिटा. गाल फुगवा. हसा." मग ती निकाल द्यायची. "उजवा हजर. डावा गैरहजर." आणि डबा उचलून शाळेत जायची. पहिल्या आठवड्यात मला याचा राग यायचा. नंतर ध्यानात आलं, गैरहजर माणसाचं नाव पटावरून काढलेलं नसतं.

मी घराबाहेर पडेनासा झालो. लग्नसराई तोंडावर आली होती. माझी डायरी सुनंदानं परस्पर त्र्यंबककाकांना देऊन टाकली होती, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं. त्यांनी माझी सगळी कामं निभावली. आणि एक दिवस ते स्वतःच ओसरीवर आले. मी उपरण्यानं तोंड झाकून बसलो होतो.

"काढ ते फडकं," काका म्हणाले. शुद्ध बोलायच्या भानगडीत ते आयुष्यात पडले नाहीत. "मायाजवळ काय लपवतं? तुयं डावं गेलं, मायं उजवं. दोघाईचं मिळून एक तोंड पुरते."

मग त्यांनी मला शिकवलं. मॅडमनी व्यायाम सांगितले होते, पण जगायचं कसं ते काकांनी सांगितलं. पाणी पेल्यानं प्यायचं नाही, पळीनं प्यायचं, मान उजवीकडे कलती करून. भाकरीचा घास गालात साचतो, तो जिभेनं नाही निघाला तर बोटानं काढायचा, लाजायचं नाही. निजताना पापणीला पट्टी. मोटरसायकलवर चष्मा. बोलताना डावा कोपरा बोटानं धरला की प, ब, म नीट निघतात.

"मले हे सांगायले कोणी नव्हतं," ते म्हणाले. "दोन वर्षं तं मी लोकाईत जेवलोच नाही."

मी मान खाली घालून ऐकत होतो. समिधांची गोष्ट त्यांनी काढली नाही. मीही काढली नाही, एवढी हिंमत नव्हती. ते रोज येत राहिले.

तिसऱ्या महिन्यात डोळा मिटायला लागला. गाल मात्र जागचा हलेना.

रामराव

ऑपरेशनला पाच महिने होत आले होते. काका ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि रामराव पाटील आले. धाकट्या मुलीचं ठरलं होतं.

"थोरलीचं तुम्हीच लावलं, म्हणून आलो," ते म्हणाले आणि माझ्या गालाकडे पाहून थांबले. त्यांच्या मनात खोट नव्हती. "पण महाराज, तवा तुम्हीच सांगतलं होतं ना, तोंडानं असा असला तं पाटावर बसू नाही म्हणून. मले तं काही समजत नाही. आता कोणाले पाठवता?"

अडकित्त्याचा आवाज थांबला.

मला सुटका होती. खामगावच्या एखाद्या तरुण भिक्षुकाचं नाव सांगितलं असतं तर विषय मिटला असता, आणि माझं शास्त्रही शाबूत राहिलं असतं. मी ओठाचा कोपरा धरला आणि बोललो.

"रामराव, मी तेव्हा शास्त्र पाहिलं नव्हतं. कोणाकडून तरी ऐकलेलं होतं. आजही पाहिलेलं नाही. मला मुख्य पाट हवा होता, म्हणून बोललो."

हे मी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं. बोलण्याच्या भरात ओठावरचं बोट सुटलं. मी काकांकडे वळलो आणि माफ करा म्हणालो. हवा सुटून नुसता फसफस आवाज निघाला.

काकांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "ओठ धरून बोल," ते म्हणाले.

मी ओठ धरला आणि पुन्हा, नीट म्हणालो.

"हाव," काका म्हणाले. "आता आलं ऐकू." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांचा उजवा डोळा नेहमीच भरलेला असतो, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

रामराव एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. मग हसले. "थोरलीचं लगन सरळ तोंडानं लावलं तं सात मिनटं चुकलं. तरी बरी नांदून राह्यली ती. लहानीचं वाकड्या तोंडानं लावून पाहू. दोघंई या."

सोनाळा

मी नको म्हणत होतो. लोकांसमोर उभं राहायचं, तेही रामरावांच्याच मांडवात. सुनंदानं पुन्हा रजा टाकली. "मी समोर बायकांत बसते. अडलात तर माझ्याकडे पाहा," ती म्हणाली.

अंतरपाट धरला गेला. मी डाव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावलं आणि सुरुवात केली. आवाज फाटका निघाला. डाव्या कानानं स्वतःचं म्हणणं नीट ऐकू येत नव्हतं, ते आता तसंच राहणार आहे. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. पहिल्या 'सावधान'ला मी डोळे मिटून घेतले. झटक्याची सवय अंगातून गेलेली नव्हती. सूर लांबला, आणखी लांबला, गाल शांत. मग मी डोळे उघडले आणि आठही कडवी म्हटली. मुहूर्ताच्या ठोक्याला अंतरपाट दूर झाला. कोणी ओरडलं नाही, बँडवाले माझ्याच तोंडाकडे बघत थांबले होते.

होमाला मी पाट मांडला आणि काकांना म्हणालो, "बसा." त्यांनी एकदा रामरावांकडे पाहिलं, एकदा पाटाकडे, आणि सोवळं सावरून बसले. मी त्यांच्या डावीकडे, समिधा घेऊन.

समिधा दमट होत्या. धूर भरपूर, जाळ नाही. काकांनी वाकून फुंकर घातली, ती त्यांच्या उजव्या कोपऱ्यातून निसटली. मी घातली, माझी डाव्या कोपऱ्यातून गेली. वधूवर खोकायला लागले. आम्ही दोघांनी एकदमच पुन्हा गाल फुगवायचा प्रयत्न केला. दोन भिक्षुक, आणि दोघांत मिळून एक फुंकर नाही. काका गंभीर चेहऱ्यानं ताठ बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अग्नीवर तोंडानं फुंकू नाही. शास्त्रात आहे."

मी हसलो. ओठ धरायचं भानही राहिलं नाही. काका हसले, रामराव हसले, डोळ्यांत धूर गेलेला नवरदेवही हसला. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

वारा घालायला बायकांतून कोणीतरी सूप आणलं. ते सुनंदानं आणलं होतं. सूप माझ्या हातात देता देता ती थांबली, खाली वाकली आणि माझ्या डाव्या गालाकडे पाहत राहिली. मला वाटलं, काही लागलंय. मी पुसायला हात वर नेला तर तिनं तो धरला.

"हजर," ती म्हणाली.